‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणायला बंदी: निधी संकलकांच्या कार्यशाळेचा हिशेब

फी माणशी साडेतीन हजार. त्यात दोन दिवसांचा चहा, जेवण आणि साठ पानांची सरावाची वही. जागा नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. त्यामुळे वाशी-नेरूळकडून ट्रान्सहार्बर लोकलने येणाऱ्यांचीही सोय झाली. चोवीस जण होते. बहुतेक संस्थांमध्ये देणग्या आणि सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं काम बघणारे, दोन-पाच वर्षांचा अनुभव असलेले. आयोजकांचं नाव इथे देत नाही, कारण तक्रारींचा भाग त्यांना वेगळा लिहून कळवला आहे.

जाहिरातीत ‘व्यक्तिमत्त्व विकास आणि नेतृत्व’ असं भारदस्त नाव होतं. पहिल्या सकाळचे अडीच तास त्या नावालाच वाहिलेले. प्रश्नावली भरा, तुमचा स्वभाव लाल की निळा ते काढा, भिंतीवर चिकटवा. मजा येते, पण सोमवारी ऑफिसात याचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. तासाभरात उरकता आलं असतं.

जेवणानंतरचं सत्र मात्र एकट्याने फी वसूल करतं. तिघातिघांचे गट. एक मागणारा, एक देणगीदार, तिसऱ्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. देणगीदाराला एक चिठ्ठी मिळते: ‘महापे एमआयडीसीत छोटा कारखाना, आईच्या नावाने काहीतरी करायची इच्छा, फार बोलत नाही.’ वेळ सात मिनिटं. नियम दोनच. रक्कम आकड्यात सांगायची, आणि सांगून झाली की समोरचा बोलेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. तिसरा माणूस ही शांतता सेकंदांत मोजतो.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे तिसऱ्या सेकंदाला फुटले. ‘म्हणजे तुम्हाला जमेल तसं हो’, ‘पन्नास नाही तर पंचवीसही चालतील’, आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘फूल ना फुलाची पाकळी’. या शेवटच्या वाक्यावर दुसऱ्या फेरीपासून बंदी आली. कारण सरळ आहे: फूल द्यायला निघालेल्या माणसाला आपणच पाकळीची वाट दाखवतो. त्याऐवजी वहीत दिलेला साचा असा: ‘एका मुलीचा शाळेत जाण्या-येण्याचा वर्षाचा खर्च 6,000 रुपये. दहा मुलींची जबाबदारी तुम्ही घ्यावी, म्हणजे 60,000, अशी विनंती करायला आलोय.’ आणि मग गप्प. तिसऱ्या फेरीत दहा-बारा सेकंद थांबणं बऱ्याच जणांना जमलं. ‘नाही’ आल्यावर काय, याचाही सराव होता. नकार रकमेला आहे, वेळेला आहे की कामाला, हे एका साध्या प्रश्नात काढून घ्यायचं. तिन्हींवरचा उपाय वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायरी. एका माणसाने जास्तीत जास्त पन्नास देणगीदार जातीने सांभाळायचे, प्रत्येकापुढे तीन रकाने: शेवटचं बोलणं कधी, पुढचं पाऊल काय, ते कोण टाकणार. ‘पाठपुरावा करणे’ असं लिहिलेलं चालत नाही. ‘मंगळवारी 11 वाजता फोन, केंद्रभेटीची तारीख ठरवणे’ असं हवं. मागच्या वर्षी दिलं आणि यंदा अजून दिलं नाही, अशांची यादी नव्या नावांच्या आधी काढायची. ते गळतात त्याची कारणंही फार मोठी नसतात: पावती महिनाभर आली नाही, नावाचं स्पेलिंग चुकलं, फोन फक्त मार्चमध्येच येतो. दरमहा देणाऱ्यांचा यूपीआय ऑटोपे अडतो तो बहुधा खात्यात पैसे नसल्याने. म्हणून वजावट महिनाअखेरीला न लावता पगारानंतरच्या पाच-सात तारखेला लावा, हा सल्ला छोटा पण नेमका.

कायद्याच्या सत्रात गडबड झाली. सीएसआरच्या पैशातून संस्थेला प्रशासनावर पाचच टक्के खर्च करता येतो, असं स्लाइडवर होतं. ते चूक आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासन खर्चाला आहे, आणि ती कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजतात. प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर देखरेखीचा थेट खर्च तिच्यात धरतच नाहीत. या एका गैरसमजापायी कितीतरी संस्था प्रपोझलमध्ये समन्वयकाचा पगार लपवतात किंवा गाळतात, आणि मग वर्षभर दुसऱ्या देणग्यांतून तो भागवत बसतात. नेतृत्व शिकवायचं तर समोरच्या कंपनीच्या माणसाला हा फरक शांतपणे कसा समजवायचा, ते शिकवायला हवं होतं.

करसवलतीचा भागही अर्धवट राहिला. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि संस्थेने वर्षाच्या देणग्यांचं विवरण 31 मेपर्यंत भरलं नाही तर दिवसाला 200 रुपये, हे सांगितलं. पॅन चुकला की देणगीदाराच्या हातात सवलतीचं प्रमाणपत्र धड पडत नाही, हेही आलं. राहिलं ते असं, की आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होते आणि तिच्यात 80जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या पगारदाराला ‘80जी मिळेल बरं का’ म्हणून सुरुवात केली, तर तो मान डोलावतो आणि विसरतो. त्यात 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदललेत. पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या, एवढी एक ओळ तरी वहीत हवी होती.

दुपारचं नेतृत्वाचं सत्र निराश करतं. हाताखालच्या टीमला प्रेरणा कशी द्यावी, यावर दीड तास. हाताखाली टीम आहे कुणाला? एक शिकाऊ मुलगी आणि अर्धा वेळ अकाउंटंट, तोही इतरांबरोबर वाटून घेतलेला. निधी संकलकाला खरं नेतृत्व वरच्या दिशेने करावं लागतं, म्हणजे विश्वस्तांसमोर. ‘यंदा वीस लाख आणा’ असं बैठकीत ठरतं आणि सगळे चहा घेऊन उठतात.

गंमत म्हणजे यावरचं औषध वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर होतं, आणि वेळ संपल्याने ते पान उघडलंच नाही. रिकामा देणगी-तक्ता आहे तो. वीस लाखांसाठी भरला तर असा दिसतो: चार लाखांची एक देणगी, दोन लाखांच्या दोन, एक लाखाच्या सहा, पंचवीस हजारांच्या बारा, पाच हजारांच्या साठ. वरच्या नऊ देणग्यांसाठी, एका होकारामागे तीन नावं धरली तर, सत्तावीस नावं लागतात. हा कागद बैठकीत प्रत्येक विश्वस्तासमोर ठेवायचा आणि विचारायचं, ‘साहेब, यातली कुठली तीन नावं तुमच्या ओळखीतली?’ नावं आली नाहीत, तर वीस लाखांचा आकडा कुणाच्या भरवशावर ठरला, हे न बोलताच दिसतं. दीड तास यावर घालवला असता तर लोकांनी आयोजकांना दुवा दिला असता.

एकीने टक्केवारीवर काम करावं का, असंही विचारलं. उत्तर ‘ज्याची त्याची मर्जी’ असं आलं. ही पळवाट झाली. निधी संकलकांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत देणगीवर टक्केवारी घेणं निषिद्ध आहे, आणि त्यामागे व्यवहार आहे: टक्केवारीवाला माणूस मोठ्या चेकमागे धावतो, पाच हजारवाल्या साठ जणांना कुणी फोन करत नाही, आणि आपल्या पैशातून कमिशन गेलं हे देणगीदाराला कळलं की तो पुन्हा दारात उभं करत नाही.

जेवण बरं, एसी नको इतका गार.

दोन वर्षं काम केलेल्यांनी जावं. अगदी नवख्यांना पहिली दुपार जड जाईल. जमल्यास एका विश्वस्ताला सोबत न्या, निदान दुसऱ्या दिवशी. मागच्या वर्षीच्या देणगीदारांची यादी छापूनच न्या; चोवीस लॅपटॉप होते आणि भिंतीत प्लगपॉइंट चार.