मँगोस्टीन पहिल्यांदा घेताय? वाशीच्या बाजारात काय बघाल

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात पावसाळ्याच्या सुमारास दिसणारं हे जांभळं फळ आपल्या कोकमाचं सख्खं भावंड आहे. दोघंही गार्सिनिया या एकाच प्रजातीतली (जीनस). फरक एवढाच, की कोकमाची साल कामाची, तर इथे साल टाकायची आणि पांढरा गर खायचा.

घेताना साल अंगठ्याने दाबून बघाच. किंचित दबली तर फळ चांगलं. दगडासारखी कडक असेल तर ते जुनं किंवा आपटलेलं, उघडणंही कठीण. विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी ते परत ठेवा. देठ आणि पानं हिरवी हवीत. तळाची फुलासारखी नक्षी मोजा: जितक्या पाकळ्या तिथे, तितक्याच गराच्या फोडी आत. जास्त पाकळ्यांचं फळ निवडा, मोठ्या बिया कमी निघतात.

कापताना सुरी मधोमध गोल फिरवा, जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल, मग दोन्ही हातांनी पिळून उघडा. आरपार कापलं तर सालीचा तुरट रस गराला लागतो आणि पहिलाच घास बिघडतो. सालीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. गरावर पिवळा चीक दिसला तर तेवढा भाग काढून टाका, तो कडू असतो. काचेसारखा पारदर्शक, करकरीत गर बेचवच लागतो.

चव आंबटगोड, नाजूक, लिचीहून ताजी. किलोतला बराचसा भाग सालच असते, म्हणून महाग पडतं. तरी घ्यावंच, पण पहिल्यांदा पेटी नको, अर्धा किलो पुरे. फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नका, थंडीने साल कडक होते.