चिकन तमाले: काही महिने नियमित खाल्ल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. फ्रोझन चिकन तमाले हे रात्रीचं चांगलं, पोटभरीचं जेवण आहे. पण ‘आज चिकन खाल्लं, प्रोटीन झालं’ असं समजून खाणार असाल तर फसाल. हा मक्याचा पदार्थ आहे. चिकन त्यात तोंडी लावण्यापुरतं.

आम्ही टेक्सासात ह्यूस्टनला राहतो. इथे डिसेंबरात ऑफिसमध्ये कुणी ना कुणी डझनाच्या हिशेबाने तमाले आणतंच. आम्ही गेल्या नाताळापासून पाकिटातले घ्यायला लागलो, कारण दोघंही उशिरा घरी येतो आणि मला प्रीडायबेटिस असल्यामुळे ताटात काय किती आहे ते मोजावं लागतं. पाकिटावर आकडे छापलेले असतात, एवढाच त्याचा ताज्या तमालेवर विजय. चवीत ताजे कधीही सरस.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ (मासा), त्यात चरबी फेटून घातलेली, मध्ये मिरचीच्या रश्श्यातलं सारण, आणि हे सगळं मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या सालीत गुंडाळून वाफवलेलं. साल खायची नाही. १९७६ च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सॅन अँटोनिओत सालीसकट घास घेतला होता. टेक्सासात ती गोष्ट लोक अजून चवीने सांगतात.

आता आकडे. मी सध्या आणते त्या पाकिटात एक तमाले १४२ ग्रॅमचा. त्यात २५० कॅलरी, ११ ग्रॅम फॅट (सॅच्युरेटेड ३.५), २७ ग्रॅम कर्ब (कर्बोदकं), ३ ग्रॅम फायबर, १० ग्रॅम प्रोटीन आणि ५६० मिलिग्रॅम सोडियम. लेबलवर सर्व्हिंग एक तमालेचं आहे. एक खाऊन उठणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणजे सगळे आकडे मनातल्या मनात दुप्पट करा: ५४ ग्रॅम कर्ब, म्हणजे ज्वारीच्या एका जाड भाकरीहून थोडं जास्तच.

त्या १० ग्रॅम प्रोटीनकडे जरा थांबून बघू. २७ ग्रॅम कर्ब बहुतेक पिठातूनच येतात, म्हणजे कोरडं पीठ साधारण ३५ ग्रॅम. त्यातून प्रोटीन मिळतं ३ ग्रॅम. उरलेलं ७ ग्रॅम चिकनचं धरलं, तर शिजलेलं चिकन वीस-पंचवीस ग्रॅमच भरतं. दोन घास. आणि हे त्यातल्या त्यात बरं पाकीट! अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार ‘पोल्ट्री तमाले’ म्हणून विकायला शिजवलेलं, हाडं काढलेलं मांस किमान ६ टक्के असलं की पुरतं. १४२ ग्रॅममध्ये ते साडेआठ ग्रॅम होतं. याआधी एका कंपनीचं स्वस्त मोठं पाकीट आणायचो, ते या किमान मर्यादेच्या आसपासच असावं अशी मला शंका आहे: आत लाल मसाल्याचा लगदा, चिकनचा धागा शोधावा लागे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा तिथे चिकन कितव्या नंबरावर आहे ते आधी वाचा. पाकिटावरच्या फोटोकडे बघूच नका.

आपल्या मंडळींसाठी याहून महत्त्वाचं एक. आमच्या सासूबाई कोंबडी आवडीने खातात, डुकराचं मात्र घरात आलेलं चालत नाही. चिकन तमालेच्या पिठात पुष्कळदा लार्ड असतो, म्हणजे डुकराचीच चरबी. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात ‘चिकन’ आणि मागे बारीक अक्षरात लार्ड. हातगाडीवर किंवा कूलरमधून विकणाऱ्या बाईंकडून घेतलेत तर विचारल्याशिवाय कळणारही नाही. सासूबाई आल्या की मी तेलातल्या पिठाचे शोधून आणते. स्पॅनिश आल्यावरच डुकरं मेक्सिकोत पोचली, म्हणजे त्याआधी कित्येक शतकं तमाले लार्डशिवायच होत होते. तरी आजच्या जिभेला लार्डवालाच हलका लागतो हे कबूल करायला हवं. चरबी पिठात इतकी फेटतात की पिठाची गोळी पाण्यात तरंगली पाहिजे. मगच तमाले मऊ होतो.

घरी करण्याच्या नेहमीच्या कृतीत २ कप मासा हरीनाला (मासाचं कोरडं पीठ) पाऊण कपाला थोडा कमी लार्ड लागतो आणि त्यात सोळाएक तमाले होतात. म्हणजे एकेकात ८-९ ग्रॅम चरबी नुसत्या पिठातच. पाकिटातल्या ११ ग्रॅमचा हिशेब इथेच लागतो, चिकनचा त्यात वाटा किरकोळ. ‘मग आम्ही साजूक तुपात करू, ते चांगलं’ असं मैत्रीण म्हणाली. तुपात सॅच्युरेटेड फॅट ६० टक्क्यांच्या वर असतं, लार्डमध्ये ४० च्या आसपास. तूप घाला, पण चवीसाठी घाला.

चुन्याबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवला की दाण्याची साल सुटते, कॅल्शियम वाढतं आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन (बी३ जीवनसत्त्व) शरीराला मिळू लागतं. हा संस्कार न करता ज्यांनी मक्यावर दिवस काढले त्यांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार झाला; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं मेली, आणि तो आहारातल्या कमतरतेमुळे होतो हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हाच आजार दिसला, त्यावर हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी काम केलं. तेव्हा नुसत्या मक्याच्या पिठाचे ‘तमालेसारखे’ काही करून बघणार असाल तर नका करू. पीठ मासाचंच आणा.

सगळ्यात खटकतं ते मीठ. दोन तमालेत ११२० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसाच्या २३०० च्या मर्यादेतलं जवळजवळ निम्मं, आणि हे वरून सालसा न घेता. नवऱ्याला बीपी आहे, त्यामुळे आमच्याकडे बाटलीतला सालसा बंद. त्याऐवजी टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून, लिंबू पिळून, मीठ न घालता. चव जराही कमी पडत नाही, कारण मीठ आत भरपूर आहेच.

गरम करायला इडलीपात्राची जाळी ठेवून वाफवते, गोठलेले असले तर वीसएक मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळून पटकन होतात, पण कडा चामट होतात.

आता माझं ताट असं ठरलंय: तमाले एक, काळ्या घेवड्याची बिनमिठाची उसळ वाटीभर, कोबी चिरून लिंबू पिळलेला, आणि आदल्या दिवशीचं उरलेलं चिकन असेल तर ते. नवरा दोन खातो, सोडियमचं मी त्याला ऐकवते, तो ऐकत नाही. लेकाला फक्त बाहेरचं मासाचं पीठ आवडतं, सारण तो बाजूला काढतो, ते माझ्या ताटात येतं. पाच पैकी साडेतीन तारे. मीठ पाव भागाने कमी केलं तर चार देईन.