२०४८ या खेळात उतरण मांडावी की साखळी?

गॅब्रिएले चिरुली यांनी २०१४ मध्ये आणलेल्या या ४×४ घरांच्या खेळात चाल केली की आकड्यांच्या सगळ्या फरश्या त्या दिशेला सरकतात, सारख्या आकड्यांच्या शेजारच्या दोन फरश्या जुळून दुप्पट आकड्याची एक होते, आणि अशा जुळवणीतून २०४८ ची फरशी करायची असते. दर चालीनंतर एक नवी फरशी येते. ती दहात नऊ वेळा २ ची, एकदा ४ ची. सर्वांत मोठी फरशी कोपऱ्यात ठेवायची, हे दोन्ही पद्धतींत समान. आपण डावा खालचा कोपरा धरू.

उतरण शिकायला सोपी आहे. फक्त डावी आणि खाली या चाली आलटून पालटून करायच्या. कोपऱ्यापासून उजवीकडे आणि वर आकडे आपोआप कमी होत जातात. अडचण पुढे येते. कोपऱ्याच्या उजवीकडे एक २५६ आणि वर दुसरा २५६ असे तिरके अडकले, की ते जुळवताना अख्खी मांडणी विस्कटते.

साखळीत आकडे नागमोडी कमी होत जातात: खालची ओळ डावीकडून १०२४, ५१२, २५६, १२८ आणि तिच्या वरची ओळ ८, १६, ३२, ६४. त्या ८ वर आणखी एक ८ आला, की खाली एकदा, उजवीकडे तीनदा, पुन्हा खाली, मग डावीकडे तीनदा. झाले २०४८! खालची ओळ भरलेली आणि शेजारचे आकडे वेगळे असतील, तरच उजवी चाल सुरक्षित. एकही घर रिकामे असेल तर १०२४ कोपरा सोडतो. वरची चाल नाइलाजानेच करा आणि लगेच खाली या, कारण मोठ्या फरशीखाली २ घुसला तर तो काढणे फार जिकिरीचे.

५१२ पर्यंत उतरण पुरते. त्यापुढे साखळीच धरा.