‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’: दुसरा भाग बघावा की तिसरा?

या भयपट मालिकेतला १९८४चा मूळ सिनेमा बघून झालाय आणि पुढच्या ढीगभर भागांपैकी एखादाच बघायचाय, तर खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यातच आहे. चौथ्यात नाओमी वॉट्स ही हॉलिवूडची नटी आहे, पण तेवढ्यासाठी दीड तास कोण सोसणार?

दुसरा भाग, ‘द फायनल सॅक्रिफाइस’ (१९९३), पहिला संपतो तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गॅटलिन गावात मक्याच्या शेतातल्या सैतानाला भजणाऱ्या पोरांच्या पंथाने मोठ्या माणसांचा काटा काढल्याचं बाहेर येतं आणि उरलेल्या पोरांना शेजारचं हेमिंगफर्ड गाव सांभाळायला घेतं. चांगुलपणा अंगाशी येणार हे पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. बजेट दहा लाख डॉलरच्या आतलं, आणि ते लपत नाही. बातमीसाठी तिथे आलेला पत्रकार बाप आणि त्याचा मुलगा यांची कुरबुर कंटाळवाणी, अभिनय बेताचा. पण मारण्याच्या तऱ्हा अशा चक्रम आहेत की घाबरायचं की हसायचं कळत नाही. व्हीलचेअरवरची आजी ट्रकच्या धक्क्याने उडून थेट खिडकीतून आत येते, तेव्हा मी तरी हसलो.

मला यात सगळ्यात पटलं ते गावातल्या मोठ्यांचं पाप: गेल्या वर्षीचा सडका, विषारी मका नव्यात मिसळून विकायचा. पोरांना वेड लागलंय ते सैतानामुळे की त्या मक्यामुळे, ही शंका सिनेमा थोडा वेळ तरी जिवंत ठेवतो. मक्याला किंवा शेंगदाण्याला बुरशी लागली की त्यात विष तयार होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. दिग्दर्शकाने हाच धागा धरून ठेवायला हवा होता. शेवटी सगळं मळणीयंत्रावर आणि आगीवर उरकलंय.

तिसरा, ‘अर्बन हार्वेस्ट’ (१९९५), थिएटरात न लागता थेट व्हिडिओवर आला. गॅटलिनचे दोन भाऊ शिकागोत एका जोडप्याकडे राहायला जातात. धाकटा एलाय बॅगेत मका घेऊन येतो आणि बंद कारखान्याच्या आवारात पेरतो. पाळणाऱ्या बापाला त्यात धंदा दिसतो. कथा दुसऱ्यापेक्षा नेटकी आहे, एलायचं काम करणारा पोरगाही खरंच अंगावर येतो. पण चहूकडे पसरलेलं शेत गेलं आणि एकटं पडल्याची भीतीही गेली.

गावातला पंथ हवा असेल तर दुसरा. चिकट, रबरी रक्तपात आवडत असेल तर डोळे मिटून तिसरा. त्यातल्या राक्षसाच्या हातात माणसाऐवजी चक्क बाहुली आहे हे उघड दिसतं. हॉलिवूडची नटी चार्लीझ थेरॉन पहिल्यांदा पडद्यावर आली तीही यातच. श्रेयनामावलीत नाव नाही, गर्दीत शोधावी लागते.