गरीब कोण: उत्पन्नरेषा की बहुआयामी निर्देशांक?

गरिबीच्या सर्वेक्षणासाठी कुठली व्याख्या धरावी, यावर एक मैत्रीण अडली होती.

उत्पन्नरेषा सोपी: उत्पन्न ठरल्या रकमेखाली गेलं की माणूस गरीब. जागतिक बँकेने २०२५ मध्ये ती माणशी रोज २.१५ वरून ३ डॉलरवर नेली (क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जुळवून). रेषा सरकली की गरिबांचा आकडा बदलतो, घरातली चूल मात्र तीच. पण रोजगार बुडाला तर फटका इथे लगेच दिसतो.

बहुआयामी निर्देशांक २०१० चा. आरोग्य, शिक्षण, राहणीमान या समान वजनाच्या तीन भागांत मिळून दहा निकष. एक तृतीयांश वंचितता भरली की घर गरीब. घरात कुणीच सहा वर्षं शिकलेलं नाही आणि मूल शाळेबाहेर, म्हणजे शिक्षणाचे दोन्ही निकष हुकले, एवढ्यावरही ते मोजलं जातं, हाती पैसा असला तरी. पाणी आणायला जाऊन-येऊन अर्धा तास किंवा जास्त लागतो का, हेही विचारतात. प्रश्नावली लांबते, खर्च वाढतो.

कारणांबाबत दोन्ही मुक्याच. तरी पहिली मजुरीकडे बोट दाखवते, दुसरा सोयींकडे. मला दुसऱ्याचं बोट जास्त कामाचं वाटतं.

रोख मदत कुणाला द्यायची हे ठरवायचं तर रेषा घ्या. शाळा, नळ, दवाखाना कुठे हवा हे शोधायचं तर निर्देशांक.