पोलीस ट्रेड-इन ग्लॉक २२: प्लास्टिकची काळजी सोडा, वॉरंटीचा कागद वाचा

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पोलीस ट्रेड-इन ग्लॉक २२ (ग्लॉक कंपनीची पिस्तूल), थर्ड जनरेशन म्हणजे तिसरी आवृत्ती, सव्वातीनशे डॉलरला घेतली आणि पैसे वसूल झाले. पण दुकानदार ती तुम्हाला "लाइफटाइम वॉरंटी आहे हो" म्हणून विकत असेल तर त्याला ते बिलावर लिहून मागा, तो लिहून देणार नाही.

ट्रेड-इन म्हणजे इथे अमेरिकेत पोलीस डिपार्टमेंट्स काही वर्षांनी जुन्या गन डीलरला देऊन नवीन घेतात, त्या जुन्या मग दुकानात येतात. २०१५ च्या सुमाराला एफबीआयने पॉइंट फोर्टी (ग्लॉक २२ ची काडतुसं याच मापाची) सोडून परत नाइन एमएम या लहान मापाकडे जायचं ठरवलं, मागोमाग बाकीची डिपार्टमेंट्स गेली आणि ग्लॉक २२ बाजारात ढिगाने आल्या, म्हणून स्वस्त. होल्स्टरमधून आत-बाहेर होऊन स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या स्टीलच्या भागाच्या, पुढच्या कडा घासून पांढुरक्या झालेल्या असतात आणि ते बघून लोक बिचकतात, पण ड्युटी गन बहुतेक वेळ नुसती कमरेला असते, फायर त्या मानाने कमीच झालेली असते, बऱ्याच जणांची तर क्वालिफिकेशनपुरतीच, म्हणजे नेमबाजीच्या ठरलेल्या परीक्षेपुरती.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, ग्लॉकची खालची फ्रेम प्लास्टिकची, ती किती टिकणार. अरे, ऑस्ट्रियाच्या सैन्याने अशाच प्लास्टिक फ्रेमची ग्लॉक १७ घेतली १९८२ ला! चाळीस वर्षं उलटून गेली, बर्फात, चिखलात, आमच्या टेक्सासच्या उन्हात तापलेल्या गाडीत, सगळीकडे राहून झाली ही फ्रेम. आणि मुळात स्लाइड प्लास्टिकवर सरकतच नाही, फ्रेममध्ये स्टीलच्या चार छोट्या रेल बसवलेल्या आहेत, दोन पुढे दोन मागे, नखाएवढ्या, सगळा घासा त्यांच्यावर. त्यामुळे सेकंडहँड घेताना दुकानदाराला स्लाइड उतरवून दाखवायला सांगा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि चारही रेल नीट बघा, चीर आहे का, एखादी वाकली किंवा अर्धी तुटली आहे का, डावी-उजवी सारख्या उंचीवर आहेत का. हे मी उगाच सांगत नाही, २००२ च्या आसपासच्या काही ग्लॉकमध्ये मागची रेल तुटण्याचा प्रॉब्लेम निघाला होता आणि कंपनीने लोकांच्या फ्रेम बदलून दिल्या होत्या. त्या काळातली गन हाती आली तर पैसे देण्याआधी सीरियल नंबर घेऊन कंपनीला फोन करा, त्यांचं अमेरिकेतलं ऑफिस जॉर्जियात स्मर्नाला आहे.

दुसरी गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही, ती लाइटची. थर्ड जनरेशनच्या ग्लॉक २२ ला पुढे वेपन लाइट (गनवर बसवायचा टॉर्च) लावला की काही गनमध्ये राउंड (काडतुसं) नळीत नीट फीड होत नव्हते, अनेक पोलिसांना हा त्रास झाला. फायर करताना प्लास्टिकची फ्रेम थोडी लवचते, लाइट लावला की तिचं लवचणं बदलतं, त्यात पॉइंट फोर्टीची स्लाइड जोरात मागे-पुढे होते आणि मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीची, स्प्रिंग पुढचा राउंड वेळेत वर ढकलू शकत नाही. उपाय स्वस्त आहे, जास्त ताकदीच्या मॅगझिन स्प्रिंग. मी पहिल्या दिवशीच सगळ्या मॅगझिनच्या स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) बदलून टाकली, लाइट लावून चालवतो, आजवर अडकलेली नाही. फोर्थ जनरेशन २०१० ला आली तेव्हा रिकॉइल स्प्रिंग डबल केली, पण सुरुवातीच्या गनमधल्या त्या स्प्रिंगसुद्धा २०११ ला कंपनीने फुकट बदलून दिल्या, म्हणजे ती जनरेशन सेकंडहँड घेत असाल तर स्प्रिंग बदललेली आहे ना एवढं विचाराच.

आता वॉरंटी. ग्लॉकची लेखी वॉरंटी एक वर्षाची आणि ती मूळ खरेदीदाराला. ट्रेड-इनचा मूळ खरेदीदार डिपार्टमेंट, तुम्ही नाही, आणि वर्ष तर कधीच उलटून गेलंय, त्यामुळे कागदावर तुमच्या हातात काही नाही. दुसरी गन कंपनी सिग, तिची वॉरंटी लाइफटाइम आहे पण तीही पहिल्या मालकालाच. आणि नुसत्या लाइफटाइम शब्दावर गन निवडू नका, त्याच सिगची पी३२० पिस्तूल पडल्यावर आपोआप फायर होऊ शकते हे २०१७ ला बाहेर आलं आणि कंपनीला फुकट अपग्रेड द्यावा लागला. एक मात्र पी३२० मध्ये मला मनापासून आवडतं, तिचा सीरियल नंबर आतल्या स्टीलच्या युनिटवर असतो, म्हणजे प्लास्टिकला तडा गेला तर नुसतं ग्रिप मॉड्यूल (हातात धरायचा प्लास्टिकचा भाग) दुकानातून आणून बदलता येतं. ग्लॉकमध्ये नंबर फ्रेममध्येच बसवलेल्या पट्टीवर, कायद्याने फ्रेम हीच गन, ती गेली की विषय थेट कंपनीकडे. आणि घरी भरलेली किंवा रीलोड काडतुसं वापरून काही फुटलं तर नवीन गनलासुद्धा वॉरंटी नाही, पॉइंट फोर्टीचं प्रेशर आधीच जास्त असतं त्यामुळे तो मोह टाळाच, गन जाईल ती जाईल, बोटं आपली आहेत.

जे इथे एच वन बीवर आहेत त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात पाऊलही टाकू नका, नॉन-इमिग्रंट व्हिसावर गन बाळगणं फेडरल कायद्याने सहसा चालत नाही, अपवाद थोडे आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

नाइट साइट (अंधारात चमकणाऱ्या, नेम धरायच्या खुणा) असलेली मिळाली तर त्याचे जास्त पैसे देऊ नका, त्यातल्या ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची चमक साधारण बारा वर्षांत निम्मी होते आणि ट्रेड-इनमधल्या बहुतेक विझत आलेल्या असतात. माझ्या विझल्याच होत्या, बदलल्या. साइट, स्प्रिंग सगळं धरूनही नव्या ग्लॉकपेक्षा शंभरेक डॉलर वाचले, ते मी काडतुसांवर घातले.