खारं पाणी: बाजारातला टोमॅटो की रानटी भाऊबंद?

हडपसरला आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांना बोअरचं पाणी. उन्हाळ्यात कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि टोमॅटोच्या जुन्या पानांच्या कडा करपतात. इंदापूर-बारामतीकडच्या कालव्याखालच्या चोपण, म्हणजे क्षार साचून बिघडलेल्या जमिनींत हेच दुखणं एकरांनी आहे.

नेहमीचा टोमॅटो मध्यम सोशिक. मातीची क्षारता (मातीच्या ओलाव्यातून वीज किती वाहते यावरून मोजतात) साधारण २.५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चालते. पुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न जवळपास १० टक्क्यांनी घटतं. त्याचा सगळा भर मिठातलं सोडियम पानांपर्यंत पोचू न देण्यावर. तो बांध फुटला की झाड बसलंच. (थोड्या खाऱ्या पाण्यावरचं फळ लहान पण गोड लागतं, हे मात्र खरं.)

गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोचं तंत्र उलटं. तो सोडियम बेधडक पानांत घेतो आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतो, घरातली अडगळ माळ्यावर टाकावी तसा. समुद्रकाठी सापडलेल्या अशा एका वाणाची झाडं निव्वळ समुद्राच्या पाण्याएवढ्या खारटपणातही तगल्याची नोंद १९७६ची आहे. पण तगणं म्हणजे पिकणं नव्हे! फळ बोराएवढं, बी कासवाच्या पोटातून गेल्यावर बरं रुजतं. नारायणगावच्या बाजारात ते कोण घेणार?

दोघांचा संकर सोपा नाही, कारण खारं पाणी सोसण्याचा हा गुण एका जनुकाचा नसून अनेकांचा. म्हणून मला कलम जास्त पटतं: खाली सोशिक खुंट, वर आपला नेहमीचा वाण. कुंडीला मात्र मी सध्या पावसाचं साठवलेलं पाणीच घालते.